रजई वाळेपर्यंत

निस्तोर गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी अंगणात पलंग मांडला होता. नवा लोखंडी पलंग, नवी गादी, उशी, उशीवर घडी घातलेला सदरा-पायजमा, खाली लोकरी सपाता, आणि या सगळ्यावर बर्फासारखी पांढरी, फुगलेली रजई. पाद्रीबाबा धूप फिरवून, म्हणायचं ते भराभर म्हणून, घेवड्याचं सूप प्यायला आत गेले होते. नाताळाआधीचे उपास चालू होते, तेव्हा सूपही बिनमांसाचं, आणि पाद्रीबाबांचा चेहराही तसाच. बायका मात्र पलंगाभोवती उभ्या राहिल्या. निस्तोरची थोरली बहीण वेता रजईच्या चारही कडा चाचपून पाहत होती.

"खोळ कुठाय?" तिने विचारलं.

"खोळ नाही, वन्सं," स्मारांदा म्हणाली. "ही अशीच असते."

"अशीच म्हणजे?"

"हिला खोळ लागतच नाही. मळली की अख्खी रजईच मशीनमध्ये टाकायची."

वेताने हातातली कड सोडून दिली आणि बोटं झग्याला पुसली. "म्हणजे माझा भाऊ तिकडे उघड्या रजईखाली निजणार. बरं, बरं. आईने आम्हाला भाकरीवाचून निजवलं असेल, पण खोळीवाचून कधी नाही. दर शनिवारी सुई-दोरा घेऊन बसायची, रजईला कडेकडेने चादर टाचायची."

"आत्या, इटलीत आता सगळे हीच वापरतात," स्मारांदाची मुलगी सोरिना म्हणाली. ती तिकडे म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची नोकरी करत होती आणि ही रजई तिनेच आणली होती.

"इटलीतल्यांचं मला सांगू नकोस. ते पोपचे लोक. त्यांचे मेलेले कशावर निजतात कुणाला ठाऊक."

दोघीतिघी डोक्याच्या रुमालाआड हसल्या. स्मारांदाला हसू आलं नाही आणि रागही आला नाही. आपल्याला राग यायला हवा होता, एवढं तिच्या लक्षात आलं. सोसायटीच्या खिडकीवर दुसऱ्याचंच नाव पुकारावं, तसं सगळं तिच्या कानावरून जात होतं. चाळीस दिवस हे असंच चाललं होतं. नवऱ्याच्या शवपेटीजवळ वेताने दोघींच्या वाटणीचा टाहो फोडला होता आणि स्मारांदा मात्र कोरड्या डोळ्यांनी आल्यागेल्याला खुर्च्या देत राहिली होती. गावात बोललं गेलंच. बाई दगड आहे म्हणाले. स्मारांदाच्या कानावर ते आलं तेव्हा तिला वाटलं, असेन.

पलंग घ्यायला कुंपणापलीकडचा आंगेल आला. पोमाना, म्हणजे गेलेल्याच्या नावाचं दान, घेणारा माणूस मेलेल्याच्या वयाचा, त्याच्या बांध्याचा असावा लागतो. निस्तोर ताडमाड उंच, आणि गावात त्याच्या मापाचा दुसरा माणूस आंगेलच. लग्न न केलेला, लीकच्या, म्हणजे जाड कांदापातीच्या, वाफ्यांत आयुष्य घालवलेला, थोडा गबाळा, पण मनाचा सरळ. त्या दिवशी त्याने दाढी केली होती आणि तीन ठिकाणी कापून घेतलं होतं.

त्याने टोपी काढली. स्मारांदाने पेटती मेणबत्ती त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "हे सगळं तुमचं या जगात, निस्तोरचं त्या जगात."

"बोगदाप्रोस्ते," आंगेल म्हणाला. देव त्याला क्षमा करो. मग रीत म्हणून तो पलंगावर बसला, स्टुडिओत फोटो काढायला बसावं तसा, गुडघे जुळवून.

"वापरायची हं, आंगेलदादा," स्मारांदा म्हणाली. "कपाटात घडी करून ठेवाल चांगली म्हणून."

"वापरीन."

"रोज."

"अगं, वापरीन म्हटलं ना. काय, शपथ घेऊ?"

तिला शपथ हवी होती. इथे घेणारा वस्तू वापरतो तेव्हाच ती तिकडे मेलेल्याच्या हाती पडते; वापरली नाही तर नाही पडत. हे त्या गावात पोरासोरांनाही सांगावं लागत नाही. म्हणून तर बायका पोमाना दिल्यावर महिनाभर त्या घरावर डोळा ठेवून असतात. सदरा दिसला का अंगावर, ताटली निघाली का वापरायला. स्मारांदाला सदऱ्याचं आणि सपातांचं काही नव्हतं. तिचा जीव अडकला होता एकट्या रजईत. निस्तोरला तिकडे थंडी वाजू नये, या एका गोष्टीखेरीज तिला जगात कशाचीच पर्वा उरली नव्हती.

याला कारण होतं, आणि ते तिने कुणालाही सांगितलेलं नव्हतं, सोरिनालासुद्धा नाही.

निस्तोर आजारी पडला उन्हाळ्यात. आधी दम लागायचा, मग उठणं बंद झालं, मग सगळंच अंथरुणात. घरातली लग्नातली लोकरीची रजई त्याला सोसेना. छातीवर बैल बसल्यासारखं वाटतं म्हणायचा. फोनवर हे ऐकून सोरिनाने इटलीहून येणाऱ्या पार्सलच्या गाडीतून पहिली बिनखोळीची रजई पाठवली. तिच्या म्हाताऱ्यांकडे हीच असते म्हणे. हलकी, गरम, आणि रोज धुतली तरी तक्रार नाही. निस्तोरवर ती घातली तेव्हा त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "अंगावर काहीच नाही असं वाटतंय. पण गरम आहे." त्यानंतर त्याला दुसरं काही पांघरलेलं चालेना.

मग स्मारांदाचं धुणं सुरू झालं. सकाळी मळलेली रजई काढायची, अंगणापलीकडच्या स्वयंपाकघरातल्या मशीनमध्ये घालायची, संध्याकाळपर्यंत वाळवून परत त्याच्या अंगावर. थोड्याच दिवसांत तिला त्या रजईचे सगळे नखरे कळले. मशीनमध्ये दाबून कोंबायची नाही. साबण नेहमीच्या निम्मा, नाहीतर तो आतच बसून राहतो. शेवटी एकदा नुसत्या पाण्यातून काढायची. दोरीवर टाकली की मधूनमधून उलटायची आणि आतल्या कापसाच्या गुठळ्या दोन्ही तळव्यांत धरून थापटून मोकळ्या करायच्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हाताच्या स्पर्शावर विश्वास ठेवायचा नाही. ही रजई वरून खडखडीत लागते आणि पोटात ओल धरून असते. कोपरा मुठीत घट्ट दाबून गालाला लावायचा, तेव्हा खरं काय ते कळतं.

खोळ असती तर खोळ धुतली असती. रजई त्याच्या अंगावर राहिली असती. पण हिला खोळ नव्हती. ही धुवायची म्हणजे त्याला उघडं करायचं. वाळेपर्यंत तो पातळ कांबळ्याखाली पडायचा, त्यावर स्मारांदाचा हिवाळी कोट. दुसरी घ्यावी असं रोज मनात यायचं आणि रोज राहून जायचं.

त्या दिवशी धुकं होतं. ऑक्टोबरच्या शेवटचं धुकं, दुपारीही न उठणारं. दोरीवर वाळेना म्हणून तिने रजई बाहेरच्या स्वयंपाकघरात चुलीशी खुर्च्यांवर पसरली.

"वाळली का गं?" निस्तोरने विचारलं.

"थोडी ओलसर आहे. आत्ता आणते."

"थंडी वाजतेय."

"आत्ता आणते म्हटलं ना."

ती अंगण ओलांडून गेली. कोपरा मुठीत दाबून गालाला लावला. ओला होता. ओली रजई छातीच्या आजाऱ्याच्या अंगावर घालतं का कुणी? तिने लाकूड सारलं, रजई उलटली, गुठळ्या मोकळ्या करत बसली. एक गुठळी फार हट्टी होती. ती फोडून परत आली तेव्हा निस्तोर गेलेला होता. कोट एका बाजूला घसरला होता.

मेणबत्तीवाचून गेला म्हणून गाव हळहळलं. माणूस हातात पेटती मेणबत्ती न धरता जाणं म्हणजे अंधारात जाणं. वेताने ते स्मारांदाला ऐकवलं, चार माणसांत ऐकवलं, आणि मग त्याच्यासाठी सतरा मेणबत्त्या वाटायला लावल्या. स्मारांदाने वाटल्या. उजेडाची सोय झाली. पण तो उघडा गेला, हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्यावर कुणी इलाजही सांगितला नाही. दिवेलागणीला, बायका निस्तोरला न्हाऊ घालत असताना, ती चुलीपाशी गेली होती. रजई वाळली होती. आतपर्यंत, कोपऱ्यांसकट. तिने तिची घडी घातली आणि कपड्यांच्या पेटीत ठेवून दिली. मग परत येऊन खुर्च्या मांडल्या.

सोरिना परत जाताना म्हणाली होती, "आई, पेटीतली रजई तू वापर की. लोकरीची केवढी जड." स्मारांदा नको म्हणाली. तिला ती वापरवतही नव्हती आणि कुणाला देववतही नव्हती.

त्यानंतर दिवस गेले. ती उठायची, शेगडी पेटवायची, कोंबड्यांना दाणे टाकायची. एकदा शेगडीच्या दाराला मनगट टेकलं आणि कातडी जळल्याचा वास आल्यावर तिला कळलं. वेता येऊन तोंडाचा पट्टा सोडून जायची. निस्तोर तिच्या स्वप्नात आला, खोळ मागत होता. निस्तोर चुलत भावजयीच्या स्वप्नात आला, नुसताच उभा होता. गावातल्या निम्म्या बायकांकडे तो जाऊन आला. स्मारांदाकडे तेवढा आला नाही.

"तुझ्याकडे कसा येईल," वेता म्हणाली. "रडली असतीस तर आला असता. वाट ओली करावी लागते."

"येईल तेव्हा येईल, वन्सं. कॉफी आणखी देऊ?"

"दे. आणि त्या आंगेलला खोळ शिवून दे."

स्मारांदाने खोळ शिवली नाही. पण रोज सकाळी राख टाकायला गेली की कुंपणावरून आंगेलच्या खिडकीकडे बघायची. पलंग खिडकीलगत होता. रजई दिसायची, कधी चुरगळलेली, कधी अर्धी खाली लोंबणारी, म्हणजे वापरात असलेली. तेवढं बघून ती घरात यायची. दिवसभरात तिला जे काही बरं वाटायचं ते एवढंच.

नाताळ झाला. मग नदीत क्रूस टाकायचा, पाणी पवित्र करायचा सण येईपर्यंत गावात कुणी कपडे धूत नाही. आणि तो सण आणि त्यामागोमागचा संत इयोनचा दिवस उरकला की सगळं गाव एकदम धुवायला बसतं. त्या वर्षी तेव्हाच कडाका पडला. दोरीदोरीवर विजारी उभ्या राहिल्या, सदरे हात पसरून ताठ. स्मारांदा राखेचं घमेलं घेऊन बाहेर आली आणि तिने सवयीने कुंपणावरून पाहिलं. खिडकीतला पलंग रिकामा होता.

रजई दोरीवर होती. गोठून लाकडी दारासारखी टणक झाली होती, खालच्या कडेला बर्फाचे सुळे लोंबत होते आणि वरून दवाचं पांढरं पीठ बसलं होतं. पीठ बसलंय म्हणजे रात्रभर बाहेर होती.

स्मारांदाच्या हातातलं घमेलं कलंडलं आणि राख तिच्या पायांवर सांडली. निस्तोर उघडा आहे, एवढंच तिच्या डोक्यात आलं. काल रात्रभर उघडा होता. आजही राहणार. तिला भीती वाटली, आणि इतक्या दिवसांनी काहीतरी वाटतंय हेसुद्धा तिच्या ध्यानात आलं नाही. कुंपणाची एक फळी सैल होती, तिथून ती तशीच राखेच्या पायांनी पलीकडे गेली.

आंगेल स्वयंपाकघरात लीक निवडत बसला होता. अंगात कोट, डोक्यावर टोपी.

"रजई का धुतलीत?" तिने दारातूनच विचारलं.

"ये, आत ये. दार लाव, थंडी येते."

"का धुतलीत?"

आंगेलने सुरी खाली ठेवली. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला त्याचा. "घेवडा सांडला."

"रजईवर?"

"पलंगात बसून जेवत होतो. ओरडू नकोस. एकटा माणूस मी, टेबलावर कुणासाठी बसू? वाटी कलंडली. हा एवढा डाग." त्याने हाताने दाखवला तो डाग चांगला परातीएवढा होता. "आधी म्हटलं राहू दे, मला काय त्याचं. मग रात्री झोप येईना. म्हटलं, निस्तोर किती नीटनेटका माणूस. शेतातसुद्धा इस्त्रीचा सदरा घालून जायचा. तो तिकडे घेवड्याच्या डागाखाली निजलाय. चारचौघांत काय म्हणत असेल मला. म्हणून सण उरकल्याबरोबर धुतली. तुझी पोरगी म्हणाली होती मशीनमध्ये टाका, टाकली. दोरीवर घातली, तर ती अशी रुसून बसली."

"अशा थंडीत बाहेर घालतात का?"

"मला काय माहीत? माझी रजई मी बावीस वर्षांत धुतली नाही."

एरवी कुणीही हसलं असतं. स्मारांदा दाराला टेकून उभी होती. "मग काल रात्री तुम्ही काय पांघरलं?"

"कोट."

शेगडीत लाकूड तडतडलं. आंगेलने स्टूल पुढे सरकवलं, तशी ती बसली, आणि राखेने माखलेल्या आपल्या पायांकडे बघत म्हणाली, "तोही कोटाखालीच होता."

"कोण?"

"निस्तोर. गेला तेव्हा. रजई धुतली होती मी. चुलीशी वाळत होती. वाळली का गं म्हणून विचारलं त्याने. मी म्हटलं, आत्ता आणते." तिचा आवाज कोंबड्यांचा हिशेब सांगावा तसा सपाट होता. "मग तिथेच बसले. गुठळी फोडत. ओली कशी घालायची म्हणून. तो थंडी वाजतेय म्हणाला होता, आंगेलदादा. थंडी वाजतेय असं म्हणाला, आणि मी गुठळी फोडत होते."

आंगेल शहाणपणाचं काही बोलणारा माणूस नव्हता. त्याने टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. "मेणबत्तीवाचून गेला ते ऐकलं होतं," तो म्हणाला. "हे नव्हतं माहीत."

"कुणालाच नाही माहीत."

"वेताला?"

"वन्संना सांगितलं तर सगळ्या जिल्ह्याला कळेल."

"ते खरं." तो उठला. "चल. ती आत तरी आणू."

दोघांनी रजई दोरीवरून उतरवली. ती वाकेना. एका बाजूने आंगेल, दुसऱ्या बाजूने स्मारांदा, असं तिला दारातून आत घ्यायला गेले तर ती चौकटीत अडकली. आंगेल म्हणाला, तिरकी कर. स्मारांदा म्हणाली, तुम्ही तिरकी करा. मग तो उलट पावली पायरीवर घसरला, आणि रजई एकदाची आत आली. त्यांनी ती शेगडीशी भिंतीला उभी करून ठेवली. थोड्या वेळाने तिचा माथा झुकला आणि थेंब गळायला लागले.

स्मारांदाने कोपरा मुठीत दाबला. "उद्यापर्यंत नाही वाळायची. परवासुद्धा सांगता येत नाही."

"मग? माझी जुनी आहे की. तीच घेतो आज."

"ती तुमची. ती त्याला कशी मिळेल?"

ते आंगेललाही पटलं. स्मारांदा उठली आणि काही न सांगता निघून गेली.

ती परत आली तेव्हा एका काखेत घडी घातलेली रजई होती, दुसऱ्या हातात मातीचं धूपपात्र, त्यात शेगडीतला निखारा, आणि बोटांच्या बेचक्यात मेणबत्ती. पेटीत इतके दिवस राहून रजईला अक्रोडाच्या पाल्याचा वास लागला होता. तिने ती पलंगावर पसरली. निखाऱ्यावर धूप टाकला आणि पलंगाभोवती तीनदा फिरवला. पाद्रीबाबा नव्हते, पण धूप तोच होता, त्याचा धूरही तसाच वर गेला.

आंगेल सुरी हातात घेऊन हे सगळं पाहत होता. "ही तीच का?"

"तीच."

"बरं. ठेव. रात्री घेतो."

"आत्ता घ्या."

"आत्ता? अगं, दुपार आहे. लीक निवडायचेत, डुकराला घालायचंय."

"डुकराला मी घालते. तुम्ही झोपा."

"कुणी पाहिलं तर काय म्हणेल? भरदुपारी मी पलंगात, तू खोलीत. वेताला आयतंच मिळेल."

"आंगेलदादा," स्मारांदा म्हणाली, "काल रात्रभर तो उघडा होता."

आंगेलने सुरी ठेवली. खाली बसून बूट काढले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, तो त्याने दुसऱ्या पायाने झाकायचा प्रयत्न केला. मग कोटासकट आडवा होऊ लागला तशी ती म्हणाली, "कोट काढा." त्याने कोट काढला. आढ्याकडे तोंड करून, हात कडेला ठेवून, तो लांब माणूस पलंगाच्या टोकापर्यंत पसरला.

तिने मेणबत्ती त्याच्या हातात दिली. रजई वर ओढली, खांद्यांपर्यंत. मग पायांकडे गेली आणि खालची कड पावलांभोवती दोन्ही बाजूंनी नीट खोचली, कारण निस्तोरचे पाय नेहमी गार असायचे.

"हे तुमचं या जगात," ती म्हणाली, "निस्तोरचं त्या जगात."

"बोगदाप्रोस्ते."

आंगेल पडून राहिला. मेणबत्तीचं मेण त्याच्या बोटावर ओघळलं, तरी त्याने हात हलवला नाही. भिंतीशी दुसरी रजई गळत होती. स्मारांदा पलंगाच्या पायथ्याशी उभी होती.

"ऊब येतेय का?" तिने विचारलं.

"येतेय."

"पायांना?"

"पायांना वेळ लागतो जरा." त्याने थोडं थांबून पाहिलं. खोटं बोलायचं नव्हतं त्याला. शेवटी तो म्हणाला, "आली. पायांनाही आली."

"वाळली," स्मारांदा म्हणाली.

आंगेलने मान वळवून शेगडीकडे पाहिलं. "कुठे वाळली? टपकतेय अजून."

"ती नाही. ही." तिने दोन्ही हातांनी रजईचा कोपरा घट्ट धरला आणि गालाला लावला. "ही वाळली, निस्तोर."

आंगेलने तिला दुरुस्त केलं नाही. आढ्याकडेच बघत तो म्हणाला, "बरं झालं."

तशी स्मारांदा पलंगाशी खाली बसली. बाहेरच्या गारठ्याने बधिर झालेली तिची बोटं शेगडीच्या उबेने आता ठणकायला लागली होती. फार ठणकत होती. तिने तोंड रजईत खुपसलं आणि ती रडू लागली, आधी घुसमटत, मग मोकळ्या गळ्याने, वेतालाही ऐकू जाईल अशी. रजईचा तो कोपरा ओला होत गेला. आंगेल मेणबत्ती धरून, पाय न हलवता, पडून राहिला.